साडेतीन लिटरची भाऊबीज

आमच्या ओळखीतले लोक हल्ली दिवाळीत व्हिएतनामला जातात. परत आले की तिथले रस्ते किती स्वच्छ, माणसं किती शिस्तीची, हे आपल्याला दोन महिने ऐकावं लागतं. मीही यंदा दिवाळीत प्रवास केला. कर्जतहून कशेळे, दुसऱ्या दिवशी भिवपुरी, तिसऱ्या दिवशी खालापूर. तीन दिवस, एक लहान पेट्रोल गाडी, आणि हेतू एकच: तिचं इंजिन ऑइल बदलणे. असा प्रवास कुठलीही कंपनी विकत नाही, त्यामुळे तुम्ही केला नसणारच. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते, नाहीतर तेलापायी बाई एवढी का तापली असं वाटेल. मी शाळेत विज्ञान शिकवते. निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना संस्थेने माझी बदली कर्जतहून खालापूर तालुक्यातल्या एका गावी केली, हमरस्ता सोडून तीन किलोमीटर आत. एसटीने जायचं तर दोन ठिकाणी बदलायचं आणि शेवटी चालायचं. घरातल्या पुरुषांनी पाडव्याच्या संध्याकाळी बैठक घेतली आणि माझ्यावर उपकार केल्यासारखा निर्णय दिला. गाडी आठ वर्षांची झाली आहे, तिला हे रोजचं जाणं-येणं झेपणार असेल तर बाईने जावं. सुट्टी संपायच्या आत गाडीने जरा जरी कुरकुर केली, तर बाईने स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करावी. अर्ज भरून तयार होता. आमचे हे, म्हणजे अविनाश, अक्षर फार सुरेख काढतात.

मला नोकरी सोडायची नव्हती. मुलांना शिकवणं ही एकच गोष्ट मला खरंच बरी जमते, आणि गाडी मी पंचेचाळिसाव्या वर्षी चालवायला शिकले ती काही बाजारात भाजी आणायला नाही. तेव्हा मी बैठकीत एवढंच म्हटलं, की ऑइल बदलायचं झालं आहे, तेवढं बदलून सोमवारी रुजू होते. हे मोठ्याने बोलायला नको होतं.

कारण दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. खरं तर भावाने बहिणीकडे यायचं असतं. आमच्याकडे भावांना अनुक्रमे दुकान, ड्युटी आणि गॅरेज असल्यामुळे बहीणच तबक घेऊन गावोगाव हिंडते. मला तीन भाऊ. कशेळ्याचा दादा सख्खा, भिवपुरीचा मोहन चुलत, आणि खालापूरचा इम्तियाज मानलेला. इम्तियाज आमच्या कर्जतच्या घराशेजारी वाढला, त्याची गणितं मी सोडवून दिली आणि त्याने माझ्या सायकलची पंक्चर काढली. आज तो सबंध तालुक्यात नावाजलेला गाडीचा मेकॅनिक आहे. आता कोणीही शहाणा माणूस विचारेल, की मग बाई, सरळ इम्तियाजकडेच का नाही गेलात? नाही जाता येत. आधी सख्खा, मग चुलत, मग मानलेला. हा क्रम मोडला तर पुढची दहा वर्षं लग्नकार्यात ऐकून घ्यावं लागतं. इंजिनाला हा क्रम माहीत नव्हता, ही चूक इंजिनाची.

गुरुवार. कशेळे

निघण्याआधी कर्जतच्या बाजारात एका दुकानात ऑइलची चौकशी केली. मागच्या फळीवर डबेच डबे. साधं, अर्धं सिंथेटिक, पूर्ण सिंथेटिक, आणि प्रत्येकावर वेगळे आकडे. दुकानदाराने मला एकच शास्त्रीय प्रश्न विचारला, की मॅडम, साधं देऊ की चांगलं? मी गाडीचं माहितीपुस्तक काढून त्याला पान दाखवलं: फाइव्ह डब्ल्यू थर्टी. पहिला आकडा म्हणजे गार इंजिनात तेल किती चटकन धावतं, दुसरा म्हणजे तापल्यावर ते किती दाट राहतं. सातवीच्या मुलांना हे एका तासात कळतं. अविनाशने मध्येच मोबाइलवरचे तीन व्हिडिओ उघडले, त्यात तीन माणसं तीन वेगळी तेलं सांगत होती. दुकानदार कंटाळला, मी डबा हातात घेतला, तेवढ्यात दादाचा फोन आला. तेल-बिल काही घेऊ नकोस, यंदाची ओवाळणी तीच. सख्ख्या भावाची ओवाळणी नाकारायची हिंमत माझ्यात नव्हती. डबा परत फळीवर गेला.

कशेळ्याला जाताना दोन्ही बाजूंना भात कापून पडलं होतं आणि बाजाराच्या अलीकडे जीपवाले वाडीवरच्या माणसांना कोंबून भरत होते. दादाचं खतं-बियाण्यांचं दुकान त्याच रस्त्याला. दुकानामागे अंगण, अंगणात टेंपो, आणि टेंपोच्या चाकाला टेकून काळ्या तेलाचं मोठं पिंप. वहिनीने वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि चार प्रकारचा फराळ समोर ठेवला. आमच्या माहेरी वाढणारा पानाकडे बघत नाही, तुमच्या तोंडाकडे बघतो. तुम्ही नको म्हणालात की तो तुमचा संकोच समजतो, आणि गप्प राहिलात तर होकार. मी तिसऱ्या करंजीला नको म्हटलं आणि पाचवी खाऊन उठले.

ओवाळून झालं. दादा बनियनवर बाहेर आला, अंगणात गोणपाट अंथरलं आणि स्वतः गाडीखाली शिरला. पासष्टाव्या वर्षी. मला बोलवेना. त्याने जुनं तेल काढलं, फिल्टर खोलला, फडक्याने पुसला आणि “चांगला हाय की” म्हणून परत तोच बसवला. मग एक नवा डबा आणला, साडेतीन लिटरचा, त्याच्या टेंपोचा. वर आकडे होते वीस-पन्नास. मी पुस्तक दाखवलं.

“अगं, पुस्तक छापणारा हितल्या उन्हात येऊन बसला होता काय? पातळ तेल भुर्रकन उडून जातंय. जाड तेल कसं, बसून राहतंय.”

मी म्हटलं, निदान तीन लिटरपेक्षा जास्त नको, पुस्तकात तीनला जरा कमीच लिहिलं आहे. दादाने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, ज्या नजरेने वहिनी नको म्हणणाऱ्या पाहुण्याकडे बघते. उघडलेला डबा अर्धवट ठेवायची पद्धत आमच्या घरात नाही. साडेतीन लिटर तेल आत गेलं, शेवटचे थेंब पडेपर्यंत डबा उलटा धरला गेला, आणि वर दादाने बोनेटला हळदीकुंकू लावलं. अविनाशने फोटो काढला. मी परत येताना गाडी जरा जड चालते आहे असं म्हटलं, तर हे म्हणाले, पाच करंज्या खाल्ल्यावर तूही जड चालते आहेस.

शुक्रवार. भिवपुरी

भिवपुरीला मोहन वीजघरात आहे. डोंगराच्या पायथ्याशी, उतारावरच्या क्वार्टर्समध्ये राहतो. झाडं मोठी, रस्ते झाडलेले, आणि प्रत्येक घरापुढे गाडी लावायला पांढरी रेघ. व्हिएतनामला जाऊन आलेल्यांनी एकदा इथे यावं. मोहनच्या घरी दादाच्या घरच्या अगदी उलट कारभार. चिवडा वाटीने मोजून, चकल्या माणशी दोन, चहा बिनसाखरेचा. मोहनला मधुमेह नाही, शिस्त आहे.

त्याचं सगळं आयुष्य मोठमोठ्या चक्रांच्या बेअरिंगमधलं तेल बघण्यात गेलं. दर तासाला रीडिंग घ्यायचं, वहीत लिहायचं, सही करायची. दादाने तेल बदललं हे ऐकून तो किंचित हसला आणि म्हणाला, ताई, एकदा लेव्हल बघून घेऊ. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, आपल्या घराण्यात एक तरी माणूस मोजणारा निघाला.

मोहनने गाडी चालू करायला लावली. चढावर तोंड करून उभी असलेली गाडी, इंजिन घरघरतंय, आणि ह्याने तेल मोजायची पट्टी ओढून काढली. तेलाची पट्टी बघायची तर गाडी सपाटीवर हवी, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायला हवं, म्हणजे वर चढलेलं तेल खाली उतरतं. हे मी त्याला सांगितलं. त्याने मला शांतपणे समजावलं, की ताई, आमच्याकडे मशीन बंद करून रीडिंग घेतलं तर मेमो मिळतो. चालू मशीनचं रीडिंग हेच खरं रीडिंग. वीजघरात असेलही खरं. चालू इंजिनात अर्धं तेल वर गरगरत होतं, त्यामुळे पट्टीवर तेल खालच्या खुणेच्याही खाली दिसलं. मोहनचा चेहरा गंभीर झाला.

“दादाने तेल कमी घातलंय,” तो म्हणाला.

दादावर आजवर खूप आरोप झाले असतील, पण काही कमी घातल्याचा हा पहिलाच. मी तोंड उघडेपर्यंत मोहनने स्वतःच्या गाडीचं पातळ तेल आणून अर्धा लिटर वर ओतलं, खिशातल्या वहीत वेळ लिहिली आणि उरलेलं अर्धा लिटर वाटेत लागेल म्हणून अविनाशच्या मांडीवर ठेवलं. मी भांडायला हवं होतं. पण सणाचा दिवस, तबकातलं निरांजन अजून जळत होतं, आणि मला तर, बाईला काय कळतंय, हे ऐकायची पंचावन्न वर्षांची सवय. मी गप्प बसले. ह्या प्रवासातली माझी स्वतःची चूक कुठली, असं कोणी विचारलं तर ती ही.

परतताना मागे निळसर धूर दिसायला लागला. अविनाश म्हणाला, कोणीतरी काडीकचरा पेटवला असेल. तो कचरा कर्जतपर्यंत आमच्या मागे आला.

शनिवार. चौकच्या अलीकडे

सकाळी कर्जतहून निघालो. दिवस सुरेख होता, पण मला तो बघता आला नाही, कारण माझा एक डोळा आरशातल्या धुरावर होता. अविनाशच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यामुळे तो शेजारी पाय पसरून बसला होता आणि गाडी चालवणं सोडून बाकी सगळं करत होता. चौक गाव यायला थोडं उरलं असताना गाडी ओढेना. आणि मग समोर तेलाचा लाल दिवा लुकलुकला. लागला, विझला, परत लागला.

मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. हा दिवा म्हणजे माझ्या नोकरीचा दिवा होता. इंजिन गेलं असतं तर सोमवारी माझ्याऐवजी तो अर्ज शाळेत गेला असता.

अविनाशने दादाला फोन लावला. दादा म्हणाला, तेल कमी झालं असंल, ओत. मग मोहनला लावला. मोहन म्हणाला, दाब कमी म्हणजे तेल कमी, टॉप-अप करा. तीन पुरुषांचं एकमत झालं. आमच्या घराण्यात हे यापूर्वी माझ्या लग्नाच्या वेळीच झालं होतं. अविनाशने अर्ध्या लिटरचा डबा उचलला.

“आधी मोजू,” मी म्हटलं.

“मोजायचं काय त्यात? दिवा लागलाय.”

“अविनाश, त्या डब्याला हात लावायचा नाही. गाडी माझी, नोकरी माझी. मी मोजणार.”

इतक्या वर्षांच्या संसारात हा आवाज त्याने ऐकला नव्हता. माझ्या वर्गातल्या मुलांनी ऐकलेला आहे. त्याने डबा खाली ठेवला.

रस्ता उताराचा होता. सपाट जागा हवी होती, आणि शेजारच्या शेतात खळं होतं, शेणाने सारवलेलं, भात झोडायला तयार केलेलं. सगळ्या तालुक्यात त्याच्यापेक्षा सपाट जागा मला सापडली नसती. खळ्याची मालकीण माझ्याच वयाची होती. तिने आमची कहाणी ऐकून घेतली, कामाच्या दोन माणसांना हाक मारली आणि गाडी ढकलत खळ्याच्या कडेला आणवली. फक्त एवढं म्हणाली, “तेलाचा थेंब नका सांडू हितं, भात हाय.”

मग आम्ही थांबलो. पंधरा मिनिटं. प्रवासवर्णनात लोक समुद्रकिनाऱ्यावरच्या सूर्यास्ताची पंधरा मिनिटं लिहितात. मी खळ्यावरच्या ह्या पंधरा मिनिटांसारखी मिनिटं कुठे काढलेली नाहीत. मालकिणीने कोरा चहा दिला. मी कुठे चालले, तिने विचारलं. शाळेचं गाव सांगितल्यावर म्हणाली की तिची नात तिथेच जाते, विज्ञानाला सहा महिने कोणी नाही, पोरं पुस्तकं घेऊन नुसती बसतात. मी पट्टी काढली, पुसली, परत घातली, परत काढली. तेल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर होतं, आणि त्यात बारीक फेस होता.

फेस बघून माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तेल इतकं जास्त झालं होतं की आत फिरणारा दांडा त्यात बुडून ते घुसळत होता. फेस झालेलं तेल पंप ओढणार कसा? म्हणून दाब पडला, म्हणून दिवा. आणि तिघं जण म्हणत होते, अजून ओता. मला हसू आलं आणि त्याच वेळी इतका संताप आला की मी अविनाशला पट्टी दाखवायच्या ऐवजी त्याच्या नाकासमोर नाचवली. मग इम्तियाजला फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, गाडी बंद हाय ना? बंदच ठेवा, येतो.

खालापूर

इम्तियाज टेंपो आणि दोरखंड घेऊन आला. बंद गाडीचा ब्रेक दगडासारखा घट्ट होतो आणि स्टिअरिंग वळवायला दोन्ही दंड लागतात, ही माहिती मी ओढून नेल्या जाणाऱ्या गाडीत बसून स्वतः मिळवली. अविनाशने वाटेत दोनदा देवाचं नाव घेतलं. मी एकदाही घेतलं नाही, मला वेळ नव्हता.

गॅरेजमध्ये इम्तियाजने गाडीखाली परात ठेवली आणि मला म्हणाला, “ताई, या. तुमीच खोला.” मी पदर खोचून खाली शिरले आणि बोल्ट फिरवला. ताकासारखं घुसळलेलं करडं तेल परातीत पडलं, पडतच राहिलं. एअर फिल्टरही तेलाने चिंब निघाला. अविनाशने परातीकडे बघत दबक्या आवाजात विचारलं, की इंजिन गेलं का.

“इंजिनला कायबी झालं नाय,” इम्तियाज म्हणाला. “लाड जास्त झालेत. हा अर्ध्या लिटरचा डबाबी वर ओतला असता, तर मात्र इंजिनच खोलाय लागलं असतं.”

मग त्याने एक प्रश्न विचारला. तीन दिवसांत, एका दुकानात आणि दोन भावांच्या अंगणात, जो कोणीही विचारला नव्हता. पुस्तकात काय लिहिलंय? मी पान काढून वाचून दाखवलं. त्याने नवा फिल्टर बसवला, फाइव्ह डब्ल्यू थर्टीचा साडेतीन लिटरचा डबा काढला, खुणा असलेलं मापटं माझ्या हातात दिलं आणि आधी अडीच लिटर ओतायला लावलं. मग इंजिन थोडं चालवून बंद, मग थांबलो, मग पट्टी. मग थोडंसं अजून, मग परत पट्टी. तेल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेला टेकायला जरासं कमी. डब्यात अर्ध्या लिटरहून थोडं जास्त उरलं. त्याने झाकण लावलं आणि डबा बाजूला ठेवला. उरलेलं तेल उरू देणारा माणूस मी आमच्या गोतावळ्यात पहिल्यांदा पाहिला.

मी त्याला विचारलं, अशा गाड्या खूप येतात का? भाऊबीजेनंतरचा आठवडा आमचा सीझन, असं तो अगदी साध्या चेहऱ्याने म्हणाला. त्याच्या बायकोने कोंबडीचा रस्सा आणि तांदळाच्या रोट्या केल्या होत्या. मी हात तीनदा धुतले तरी तेलाचा वास राहिला, तसंच त्याला ओवाळलं, तसंच जेवले. दुसरी रोटी नको म्हटल्यावर तिने दुसरी रोटी वाढली नाही, आणि खरं सांगायचं तर मला जरा वाईट वाटलं.

परतीच्या वाटेवर गाडी वाऱ्यासारखी चालली. धूर नाही, दिवा नाही. पळसदरीला अविनाशने बाहेर बघत विचारलं, की सोमवारी किती वाजता निघायचं आहे तुला. त्या अर्जाचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

रविवार, आणि सोमवार

रविवारी संध्याकाळी दादाचा फोन आला. मी आदल्या दिवसापासून भाषण तयार करून ठेवलं होतं. खुणा, फेस, घुसळण, दाब, सगळं मुद्देसूद. त्याने गाडी कशी चालते विचारलं. मी म्हटलं, चांगली चालते, आणि भाषणाला सुरुवात करायला श्वास घेतला.

“मला ठाऊक होतं गं तीन लिटर लागतं ते,” तो म्हणाला. “पन तू एकटी जानार त्या रस्त्यानं. मधी कोन नाय तुजं. तेल सरलं तर कुनाला हाक मारशील? म्हनून काठोकाठ भरलं.”

राग आला, खूप आला. सगळा जन्म ह्या माणसांनी मला असंच भरभरून जपलं, आणि प्रत्येक वेळी माझाच श्वास कोंडला. पण गाडीखाली गोणपाटावर आडवा झालेला दादा डोळ्यांसमोर होता. मी म्हटलं, बरं केलंस दादा. आणि फोन ठेवून न्हाणीघरात जाऊन रडले.

सोमवारी पहाटे पट्टी बघितली, निघाले, आणि घंटेच्या वीस मिनिटं आधी शाळेत पोचले. पटांगणात गाडी लावून उतरले, तर मुख्याध्यापक पायरीवर मोबाइल हातात धरून उभे. नमस्कार झाला. म्हणाले, “बाई, सकाळपासून तिसरा फोन आहे हा. कशेळ्याचे कोणी गृहस्थ आहेत. बहीण पोचली का, विचारतात. काय सांगू?”

मी पर्स खांद्याला लावली, गाडीला कुलूप घातलं.

“सांगा, पोचली. आणि म्हणावं, तेल पुरलं.”